पेटत्या इमारतीसमोरची पहिली दहा मिनिटं: कमांड घेणाऱ्याने काय ठरवायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नुकतीच बढती मिळाली आहे, पहिल्या बंबासोबत पोहोचलात की वरिष्ठ येईपर्यंत कमांड तुमच्याकडे. प्रशिक्षणात रणनीती आणि डावपेच वेगवेगळे शिकवले, पण धूर दिसला की दोन्ही एकदमच डोक्यात येतात. मग नियोजन करायचं कधी आणि कसं?

एकदम येतात हेच खरं दुखणं आहे. जवान असतो तोवर आपल्याला फक्त काम दिसतं: लाइन (पाण्याचा होज) टाक, शिडी लाव, दार तोड. ही सगळी डावपेचांची भाषा. कमांड घेतल्यावर त्याच्या आधीचं एक वाक्य ठरावं लागतं: आपली माणसं आत जाऊन लढणार की बाहेरून, आणि आग नेमकी कुठे अडवणार. रणनीती म्हणजे एवढंच, वायरलेसवर एका दमात सांगता येईल इतकं. उदाहरणार्थ: ‘तिसरा मजला, मागची बाजू, एका घरात आग. आत जाऊन लढतोय, जिना सांभाळायचा, चौथ्यावर शोध.’ हे वाक्य तोंडातून निघत नसेल तर तुमचं अजून ठरलेलं नाही. आणि तुम्ही ठरवलं नाहीत, तर प्रत्येक ब्रँचमन (ब्रँच म्हणजे होजचं तोंड, ते धरणारा जवान) आपापल्या मनाने ठरवून मोकळा होतो.

हे मी स्वतः भोगलं आहे. कमांडच्या माझ्या सुरुवातीच्या वर्दींपैकी (आगीच्या कॉलपैकी) एक, गोदामाची आग. माणसं कमी होती म्हणून मीच मागच्या दाराने ब्रँच धरून आत शिरलो. दहाएक मिनिटं बाहेर कमांड म्हणून कोणीच नव्हतं. दुसऱ्या बंबाच्या अधिकाऱ्याला पुढून ज्वाळा दिसल्या आणि त्याने मॉनिटर (मोठ्या पाण्याची तोफ) सुरू केला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. गरम वाफ आणि धूर आमच्या अंगावर आले. दोघांचे कान भाजले, त्यावर निभावलं. आत आणि बाहेर दोन्हीकडे कौशल्यात काही कमी नव्हतं, पण एकाच इमारतीत दोन रणनीती चालू होत्या. तेव्हापासून कमांड माझ्याकडे असताना मी ब्रँचला हात लावलेला नाही.

नियोजनाचा मोठा भाग वर्दी येण्याच्या कितीतरी आधीचा असतो. तुमच्या हद्दीतल्या अवघड इमारती दिवसाउजेडी फिरून बघा: जिने कुठे निघतात, रायझरचे (वरच्या मजल्यांवर पाणी नेणाऱ्या उभ्या पाइपचे) व्हॉल्व्ह चालतात का, कुठल्या भिंतीवर भार आहे, कुठली नुसती आडोशाची आहे. फिलाडेल्फियातली 38 मजली वन मेरिडियन प्लाझा ही इमारत 23 फेब्रुवारी 1991 ला बाविसाव्या मजल्यावर पेटली. वीज गेली, आणि रायझरवरचे दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे लावलेले असल्याने होजला पुरेसा दाबच मिळेना. वर गेलेल्यांपैकी तीन जवान अठ्ठाविसाव्या मजल्यावर हवा संपून गेले. सुमारे अकरा तासांनी इमारत कोसळेल या भीतीने सगळ्यांना खाली बोलावलं गेलं. शेवटी ती आग थांबवली तिसाव्या मजल्यावरच्या दहा स्प्रिंकलरनी. व्हॉल्व्हची ती चूक आग लागायच्या आधी कुठल्याही पाहणीत सापडण्यासारखी होती. रात्री, धुरात, बाविसाव्या मजल्यावर ती दुरुस्त करायला वेळ कुठला?

आता प्रत्यक्ष पोहोचल्यावर. बंबातून उतरलात की पहिला आदेश द्यायच्या आधी इमारतीला पूर्ण फेरी मारा. पूर्ण शक्य नसेल तर निदान तीन बाजू बघा आणि चौथी बघायला कोणाला तरी पाठवा. नव्या अधिकाऱ्यांना ही फेरी म्हणजे वेळेची नासाडी वाटते. पुढून पहिला दिसणारा मजला मागून उतारामुळे दुसरा असतो, मागच्या खिडकीत माणूस उभा असतो, तळघराच्या झरोक्यातून धूर येत असतो. तळघर पेटलेलं असताना वरच्या मजल्यावर माणसं पाठवणं म्हणजे त्यांना चुलीवर उभं करणं. ही चूक त्या दीड मिनिटात टळते.

धुराकडे बघताना रंगावर फार विसंबू नका. मी आधी त्याचा वेग बघतो. आळसावलेला, तरंगत बाहेर पडणारा धूर सांगतो की आतली खोली अजून उष्णता पिते आहे. खळाळत, दाबाने, सगळ्या फटींतून एकाच वेळी बाहेर पडणारा दाट धूर म्हणजे आत जळाऊ वायू साठलेत आणि खोली फ्लॅशओव्हरच्या, म्हणजे सगळी एकदम पेट घेण्याच्या, उंबरठ्यावर आहे. धूर आत-बाहेर श्वास घेतल्यासारखा करत असेल, काचा तपकिरी-काळ्या होऊन तडकत असतील, तर आग हवेवाचून घुसमटली आहे. तिथे दार उघडणं हाच सगळ्यात मोठा डावपेच असतो आणि ते नकळत उघडलं गेलं तर सगळ्यात मोठी चूक.

इथे जुन्या अनुभवाची एक अडचण सांगतो. आमच्या पिढीला ज्यांनी शिकवलं ते लाकूड-कापसाच्या काळातले होते. अमेरिकेतल्या यूएल या प्रयोगशाळेने जुन्या आणि नव्या सामानाच्या सारख्याच खोल्या पेटवून तुलना केली. जुन्या सामानाच्या खोलीला फ्लॅशओव्हरपर्यंत जायला अर्ध्या तासाच्या आसपास लागला. फोमचे सोफे आणि कृत्रिम धाग्यांचं सामान असलेली खोली साडेतीन ते पावणेपाच मिनिटांत गेली. म्हणजे आपण वाटेत असतानाच आग एकदा मोठी होऊन, हवा खाऊन, मंदावलेली असू शकते. बाहेरून ‘फार काही नाही’ असं दिसतं आणि आपण ऐटीत दार उघडतो. त्याच संस्थेच्या घरांवरच्या प्रयोगांत, हवेवाचून मंदावलेल्या आगीत पुढचं दार उघडल्यावर एकमजली घरात साधारण 100 सेकंद आणि दुमजली घरात 200 सेकंद हाती राहिले. तेवढ्यात पाणी आगीवर पोहोचणार नसेल तर दार बंदच ठेवा, निदान जवळजवळ लोटून घ्या. एक माणूस दारावर उभा करणं हेही काम आहे, आणि ते कोणाला तरी नावाने सांगावं लागतं.

म्हणून माझा नियम: आग आत्ता कुठे आहे यावर बेत आखायचा नाही, पहिलं पाणी पडेल तेव्हा ती कुठे असेल यावर आखायचा. लाइन टाकून, ती चार्ज करून (पाण्याने भरून), तीन मजले चढून ब्रँच उघडेपर्यंत चांगल्या टीमलाही चारपाच मिनिटं जातात. तेवढ्यात ती खोली ओलांडून पॅसेजमध्ये येईल का? बाहेरच्या खिडकीतून वरच्या मजल्यावर उडी घेईल का? उत्तर ‘हो’ असेल तर पेटलेल्या खोलीचा नाद सोडा आणि पुढची जागा धरा.

पाण्याचा हिशेबही तेव्हाच, मनातल्या मनात. अमेरिकेच्या नॅशनल फायर अकॅडमीचं एक ढोबळ सूत्र आहे. आपल्या मापात आणलं तर पेटलेल्या दर चौरस मीटरला मिनिटाला साधारण 13 ते 14 लिटर पाणी. सहा बाय आठ मीटरच्या पेटलेल्या खोलीला सुमारे 650 लिटर, म्हणजे 45 मिलिमीटरच्या दोन लाइन. 240 चौरस मीटरचा अख्खा मजला पेटला असेल तर सव्वातीन हजार लिटर, आणि तेही दर मिनिटाला. बंबात 4500 लिटर घेऊन आलात आणि दोन लाइन प्रत्येकी 450 ने चालवल्या तर टाकी पाच मिनिटांत रिकामी. म्हणजे पहिली लाइन आत पाठवतानाच दुसरा बंब हायड्रंट जोडतोय की नाही हे तुम्हाला माहीत असायला हवं. सूत्र अचूक नाही. साधारण निम्मी इमारत पेटेपर्यंतच ते कामाचं आहे, आणि त्यापुढे प्रश्न सूत्राचा राहतच नाही. पण गरज सव्वातीन हजारांची आणि हातात नऊशे, असं दिसलं की रणनीती आपोआप ठरते. अशा वेळी आत माणसं पाठवणाऱ्याला मी धाडसी म्हणणार नाही, त्याचा हिशेब चुकलाय एवढंच म्हणेन.

मग खरा अवघड निर्णय: आत जायचं का? आत माणूस आहे असं कोणी ओरडून सांगितलं की सगळा विचार थांबतो. मी स्वतःला दोन वेगळे प्रश्न विचारतो. आत कोणी आहे का, आणि असेल तर तो या क्षणी जगू शकेल अशा जागी आहे का? पूर्ण भडकलेल्या खोलीत कोणी जिवंत नसतं. पण त्याच घरात, बंद दाराच्या पलीकडे, माणूस बराच वेळ तग धरू शकतो. शोध तिकडे पाठवायचा.

मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर शहरात 3 डिसेंबर 1999 ला एक रिकामं पडलेलं जुनं शीतगृह पेटलं. जवळपास खिडक्या नसलेली इमारत, भिंतींना कॉर्क, डांबर आणि फोमचे थर, आत भूलभुलैया. आत बेघर माणसं राहतात अशी माहिती मिळाल्यावर शोध सुरू झाला. ती माणसं आधीच निघून गेली होती. दोन जवान आत हरवले, त्यांना शोधायला गेलेले आणखी चौघे परतले नाहीत. बाकीचे आत जायला धडपडत असताना तिथल्या डिस्ट्रिक्ट चीफने दारात उभं राहून त्यांना अडवलं. आपली सहा माणसं आत असताना ‘आता कोणीही जाणार नाही’ म्हणणं. कमांडचं काम काय असतं हे मला कोणी विचारलं की मी तो दरवाजा सांगतो. तो निर्णय झाला नसता तर आकडा सहावर थांबला नसता.

गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकात अग्निशमन अधिकाऱ्यांचा अभ्यास केला तेव्हा त्याला दिसलं की अनुभवी माणसं चार पर्याय मांडून तुलना करत बसत नाहीत. समोरचं दृश्य ओळखीचं वाटतं, पहिला सुचलेला मार्ग ते मनात चालवून बघतात आणि चालेलसं वाटलं की उचलतात. हे खरं आहे, मीही असंच करतो. पण त्यात एक फास आहे: आपली बहुतेक ओळख राहत्या घरांच्या आगींशी असते. तीच सवय घेऊन आपण मोठ्या दुकानात, कारखान्यात, गोदामात शिरतो. घरात दारापासून आगीपर्यंत दहा पावलं, तिथे साठ मीटर. छत उंच, त्यामुळे खाली हवा स्वच्छ आणि थंड, म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि डोक्यावर मात्र जळाऊ धुराचा थर साठत असतो. मोठ्या मोकळ्या जागेत शिरताना ‘हे ओळखीचं आहे’ असं वाटलं तर तिथेच थांबा.

डावपेचांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण ते तुम्हाला येतात. पहिली लाइन माणसं आणि आग यांच्या मध्ये, आणि शंका असेल तेव्हा जिन्यावर. जिना हातचा गेला की वरचे सगळे मजले गेले. वायुवीजन पाण्याशी जुळवूनच करा. ‘धूर निघू दे’ म्हणत कोणीतरी उत्साहाने काचा फोडतो आणि आगीला हवा आत यायचा व ज्वाळांना बाहेर जायचा मार्ग मोकळा होतो. त्या मार्गाच्या मध्ये तुमची टीम असेल तर ती धुराड्यात उभी आहे. त्यामुळे माझ्या वर्दीवर काच फोडायचा हुकूम फक्त कमांडकडून जातो. खिडकीतून ज्वाळा बाहेर येत असतील तर आत शिरण्याआधी बाहेरून दहावीस सेकंद पाणी मारायला लाजू नका. सरळ धार, उभ्या कोनात, छतावर आपटेल अशी, एका जागी धरलेली. फवारा करून खिडकी भरून टाकलीत तर उष्ण वायूंचा बाहेर जायचा रस्ता तुम्हीच बंद करता, आणि मग जुने लोक म्हणतात की बाहेरून पाणी मारलं की आग आत ढकलली जाते. नंतर लगेच आत जाऊन काम पुरं करायचं, कारण ती आग पुन्हा उठणार आहे.

आत माणसं गेली की तुमच्याकडे दोन घड्याळं चालू होतात, एक आगीचं आणि एक हवेचं. 6.8 लिटरचा बीए सेट (पाठीवरचा श्वसनाचा हवेचा संच) 300 बारला भरलेला असेल तर त्यात साधारण 2000 लिटर हवा असते. जिने चढत, होज ओढत माणूस मिनिटाला 50-60 लिटर सहज घेतो. म्हणजे पस्तीस-चाळीस मिनिटं, आणि हवा कमी झाल्याची शिट्टी साधारण 55 बारला वाजते, तोवर अर्धा तास गेलेला. शिट्टी वाजल्यावर परत फिरायचं असं समजणारा माणूस शिट्टी वाजत असतानाच दाराबाहेर असायला हवा होता. आत जायला जेवढी लागली तेवढी परतीला धरा, वर राखीव ठेवा, आणि परतीचा आकडा आत जाण्याआधीच ठरवून प्रवेश नियंत्रणाच्या फळ्यावर लिहून घ्या. आत कोण, कुठे, किती वाजता गेला, किती बार, हे फळा सांगत नसेल तर तुमच्या हातात कमांड नाही. एका माणसाला एका वेळी पाचएक जणांपलीकडे सांभाळता येत नाही, म्हणून दुसरा अधिकारी आला की लगेच बाजू वाटून द्या.

बचावाची राखीव टीम बाहेर तयार ठेवायची असते आणि बहुतेक ठिकाणी ती दोघांची असते. 2001 मध्ये अ‍ॅरिझोनातल्या फिनिक्स शहरात सुपरमार्केटच्या आगीत एक जवान गेला. त्यानंतर तिथल्या दलाने आपल्याच लोकांना अशा सरावात उतरवून मोजमाप केलं. मोठ्या इमारतीतून एका जवानाला बाहेर काढायला सरासरी बारा माणसं आणि वीस मिनिटांहून जास्त वेळ लागला, आणि बचावाला गेलेल्यांपैकी पाचात एक स्वतः अडचणीत आला. हा आकडा मनात ठेवून जास्तीची मदत मागवा, आणि लवकर मागवा. परत पाठवलेल्या बंबाबद्दल मला कधी कोणी जाब विचारलेला नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ठरवलेली रणनीती बदलायची कधी. लोक ‘परिस्थिती बघून’ म्हणतात. ते पुरेसं नाही, कारण आत माणसं असताना प्रत्येकाला आणखी दोन मिनिटं हवी असतात. मी सुरुवातीलाच मुदत ठरवतो: पाणी सुरू झाल्यापासून पाच मिनिटांत धुराचा रंग फिकट, वाफेसारखा झाला नाही, त्याचा जोर कमी झाला नाही, तर माझा अंदाज चुकला. मग दुसरी लाइन किंवा माघार. वेळ वायरलेसवर कंट्रोल रूमला पुकारायला लावतो, कारण कमांडरचं स्वतःचं घड्याळ आगीसमोर खोटं चालतं.

लंडनच्या ग्रेनफेल टॉवर या उंच रहिवासी इमारतीची रात्र आठवा, 14 जून 2017. पहिली वर्दी 12:54 ला. आग एका घरातून बाहेरच्या आवरणावर गेली आणि दीडच्या आतच इमारतीच्या माथ्यावर पोहोचली. ‘घरातच थांबा’ हा सल्ला मात्र 2:47 ला मागे घेतला गेला. आग घराच्या चौकटीत राहील, या गृहीतावर तो सल्ला उभा होता. चौकशीने नंतर म्हटलं की इमारत रिकामी करायचा निर्णय 1:30 ते 1:50 च्या दरम्यान होऊ शकला असता आणि व्हायला हवा होता. 72 माणसं गेली. पहिल्या अधिकाऱ्यावर बोट ठेवणं सोपं आहे, पण त्याला असा निर्णय घ्यायचं प्रशिक्षणच दिलेलं नव्हतं. तुम्ही एवढं करा: प्रत्येक रणनीतीखाली कुठलं गृहीत आहे ते स्वतःला सांगा, आणि ते मोडलं हे कशावरून कळेल तेही.

आत-बाहेर बदल करताना क्रम चुकवू नका. आधी सगळ्यांना बाहेर बोलवा, मग हजेरी घ्या, नावानिशी. हजेरी पुरी झाल्यावरच मॉनिटर. एक जरी माणूस मोजणीत कमी असेल तर मोठं पाणी सुरू होत नाही. बाहेर आल्यावर इमारतीच्या उंचीच्या दीडपट अंतरात कोणी उभं राहू नये. कोपरे त्यातल्या त्यात बरे. दहा मीटर लांबीची पोलादी तुळई 500 अंशांनी तापली की सहाएक सेंटिमीटरनी लांबते आणि टोकाची भिंत बाहेर ढकलते. साडेपाचशे अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर आलेली असते. वरून तुम्ही टाकत असलेलं पाणीही विसरू नका. मिनिटाला 2000 लिटरचा मॉनिटर अर्धा तास चालला की साठ टन होतात. त्यातलं किती बाहेर वाहतंय ते जिन्यावर आणि पन्हाळीत बघा. वाहत नसेल तर ते मजल्यावर साठतंय, कापडाच्या गाठी आणि कागदाचे ढीग ते पितायत.

वरिष्ठ आले की कमांड समोरासमोर द्या, वायरलेसवर उरकू नका. रणनीती कोणती, कोण कुठे, कोणाची हवा किती, आणि काय राहिलंय. शेवटचं आवर्जून, कारण केलेली कामं सगळे सांगतात आणि चौथ्या मजल्यावरची न बघितलेली मागची खोली कोणीच सांगत नाही.

आणि आग विझल्यावर ढिगारे उपसताना बीए सेट काढू देऊ नका. धूर दिसत नसतो तेव्हाही कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड असतात. जिथून आग सुरू झाली असं वाटतं ती जागा तपासणीसाठी न हलवता राखून ठेवा, आणि दमलेल्या टीमऐवजी हे काम ताज्या टीमला द्या.